मद्यावलंबनाचे उपचार दारू थांबल्यानंतर सुरू होतात

आपल्या प्रश्नाचा गाभा मला असा समजला. आपले थोरले बंधू ४६ वर्षांचे आहेत, गेली पंधरा-सोळा वर्षे ते नियमित पितात आणि अलीकडे व्हिस्कीची ७५० मिलीची बाटली त्यांना जेमतेम दीड दिवस पुरते. घरच्यांनी एके दिवशी ती एकाएकी बंद केली. दुसऱ्या रात्री त्यांना फिट आली, त्यानंतर ते असंबद्ध बोलू लागले, भिंतीवर किडे चालताना दिसतात असे सांगू लागले. रुग्णालयात दहा दिवस ठेवून ‘आता बरे आहेत’ म्हणून त्यांना घरी सोडण्यात आले आणि तीन आठवड्यांच्या आत पिणे पुन्हा सुरू झाले. हे खरेच अवलंबन आहे की नुसती सवय, उपचार फसले का, त्यांना सहा महिने एखाद्या केंद्रात बंद करून ठेवावे का, आणि पुढे कधी ते मर्यादेत पिऊ शकतील का, असे आपण विचारले आहे.

यातल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण बाकीची उत्तरे त्यावर उभी आहेत. त्या दहा दिवसांत, दारू अचानक थांबल्यामुळे जो जिवावर बेतणारा बिघाड झाला होता तो निस्तरला गेला, आणि आपल्या वर्णनावरून ते काम नीट झालेले दिसते. परंतु विड्रॉवल, म्हणजे दारू थांबल्यामुळे होणारा हा त्रास, निस्तरणे ही उपचारांची पूर्वतयारी आहे. तयारी झाली, रुग्ण शुद्धीवर आला, आणि नेमक्या त्या टप्प्यावर तलफ कमी करणारे कोणतेही औषध, पुढच्या भेटीची तारीख किंवा अडचण आल्यास कोणाशी बोलायचे याची माहिती न देता त्यांना घरी पाठवले गेले. अशा रीतीने घरी गेलेल्यांपैकी बहुसंख्य लोक पहिल्या तीन महिन्यांतच पुन्हा पितात. त्यामुळे उपचार फसले असे मी म्हणणार नाही. ते अजून व्हायचे आहेत.

पुढचे वाचण्याआधी एक गोष्ट आजच लक्षात घ्यावी. ते पुन्हा रोज पूर्वीसारखे पीत असतील, तर घरच्या घरी दारू एकाएकी बंद करू नका, बाटल्या ओतून देऊ नका आणि खोलीत कोंडू नका. ज्याला एकदा विड्रॉवलमध्ये फिट आणि भ्रम झाला आहे, त्याला पुढच्या वेळी तसाच किंवा अधिक तीव्र त्रास होण्याचा धोका असतो. मेंदू प्रत्येक विड्रॉवलगणिक अधिक संवेदनशील होत जातो. दारू थांबवायची ती ठरवून, भरती करून आणि पहिल्या दिवसापासून औषधे सुरू करून. तोपर्यंत त्यांनी जेवण चुकवू नये, गाडी चालवू नये, आणि ते पूर्ण एकटे राहणार नाहीत एवढे पाहावे.

आता निदानाकडे वळते. नातेवाईक सहसा माणूस पिऊन किती गोंधळ घालतो यावर व्यसनाची तीव्रता ठरवतात. शांतपणे पिऊन झोपणारा, कामावर वेळेवर जाणारा, कोणाला उलट न बोलणारा माणूस त्यांना ‘फार गेलेला’ वाटत नाही. प्रत्यक्षात तोच कित्येकदा सर्वांत खोल अडकलेला असतो, कारण इतकी दारू पचवून सरळ चालता येणे हेच शरीर सरावल्याचे लक्षण आहे. म्हणून मी प्रमाणापासून सुरुवात करते. ४० टक्के मद्यार्काच्या ७५० मिली पेयात ३०० मिली शुद्ध मद्यार्क असतो, म्हणजे वजनाने सुमारे २३७ ग्रॅम. दीड दिवसात एक बाटली म्हणजे दिवसाला साधारण १५८ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत पुरुषांसाठी दिवसाला १०० ग्रॅमच्या पुढचे पिणे सर्वांत वरच्या धोक्याच्या गटात मोडते. यकृत ताशी साधारण ७ ते १० ग्रॅम मद्यार्क निकालात काढते, म्हणजे एवढी दारू उतरायला सोळा ते बावीस-तेवीस तास लागतात; चोवीस तासांतला फारच थोडा वेळ त्यांचे रक्त मद्यार्कापासून मोकळे असते. सकाळी हात थरथरणे, कोरडी उबळ येणे आणि ‘उतारा’ म्हणून घेतलेल्या पहिल्या पेगनंतर हात स्थिर होणे, याचा उलगडा या हिशेबातून होतो. मेंदूला मद्यार्काची पातळी नुसती घसरलेलीही सहन होत नाही.

औपचारिक निदानासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे आयसीडी-११ हे वर्गीकरण २०२२ पासून लागू आहे. त्यात अवलंबनासाठी तीन गोष्टी पाहतात: कधी, किती आणि कुठवर प्यायचे यावरचा ताबा सुटणे; बाकीच्या आयुष्यापेक्षा पिण्याला अग्रक्रम मिळत जाणे आणि नुकसान दिसत असूनही तो तसाच राहणे; आणि शरीराचे सरावणे, म्हणजे तेवढ्याच परिणामासाठी अधिक प्यावे लागणे, थांबवल्यावर विड्रॉवल होणे किंवा ते टाळण्यासाठी पिणे. यांपैकी दोन गोष्टी वर्षभराच्या काळात, किंवा पिणे रोजचे असेल तर किमान तीन महिने दिसल्या की निदान होते. आपल्या बंधूंच्या बाबतीत तिसरी गोष्ट फिटने सिद्ध केली आहे, आणि पहिल्या दोन आपल्याच वर्णनात आहेत. हे अवलंबन आहे, तेही तीव्र.

चाचण्यांविषयी थोडक्यात. ऑडिट ही दहा प्रश्नांची, ४० गुणांची प्रश्नावली चाळणीसाठी चांगली आहे. ८ गुणांपासून धोकादायक पिण्याचा संशय घेतात आणि २० गुणांपुढे अवलंबनाची सखोल तपासणी करतात. रक्तातील जीजीटी हे यकृताचे विकर, तांबड्या पेशींचा आकार, एएसटी व एएलटी या यकृताच्या विकरांचे गुणोत्तर हे सारे पूरक पुरावे आहेत. ते चांगले आले म्हणून माणूस पीत नाही असे ठरत नाही, आणि बिघडले म्हणून तो पितोच असेही नाही. अलीकडे काही ठिकाणी उपलब्ध असलेली पीईटीएच ही रक्तचाचणी गेल्या दोन ते चार आठवड्यांतील पिण्याविषयी बरीच विश्वासार्ह माहिती देते. मात्र चाचणीचा वापर रुग्णाला खोटे पाडण्यासाठी होऊ लागला की तो पुढच्या भेटीला येत नाही, हा माझा अनुभव आहे. पहिल्या भेटीत मी ‘तुम्ही पिता का’ असे विचारतच नाही. ‘सकाळचा पहिला पेग साधारण किती वाजता लागतो’ असे विचारते. उत्तर बहुधा खरे मिळते.

विड्रॉवलविषयी सविस्तर लिहायला हवे, कारण जीव जातो तो इथेच. मद्यार्क मेंदूतील गाबा या शांत करणाऱ्या यंत्रणेला बळ देतो आणि ग्लुटामेट या उत्तेजक यंत्रणेला दाबतो. वर्षानुवर्षे रोजचा दाब असला की मेंदू समतोल राखण्यासाठी पहिली यंत्रणा मंद करतो आणि दुसरी वाढवतो. दारू थांबली की दाब जातो आणि वाढलेली उत्तेजना उघडी पडते. हे उपाशीपोटी राहिल्यामुळे किंवा जीवनसत्त्वांच्या अभावामुळे होते असे एकेकाळी मानले जाई. १९५५ मध्ये हॅरिस इसबेल हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नीट खाऊपिऊ घातलेल्या स्वयंसेवकांना कित्येक आठवडे दारू देऊन ती अचानक बंद केली आणि फिट व भ्रम हे दारू थांबण्याचेच परिणाम असल्याचे दाखवून दिले. आजच्या नीतिनियमांत असा प्रयोग बसणार नाही, पण त्याने वाद मिटला.

घटनाक्रम बराचसा ठरलेला असतो. शेवटच्या पेगनंतर सहा ते बारा तासांत थरथर, घाम, मळमळ, छातीत धडधड आणि अस्वस्थता सुरू होते. फिट आली तर ती सहसा पहिल्या ४८ तासांत येते. पूर्ण शुद्धीत असताना आवाज ऐकू येणे किंवा काही दिसणे हे पहिल्या दिवसभरात सुरू होऊ शकते. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास डेलिरियम ट्रेमेन्स येऊ शकतो: वेळकाळाचे भान सुटणे, किडे किंवा माणसे दिसणे, ताप, प्रचंड घाम, नाडी व रक्तदाब चढणे. पूर्वी, परिणामकारक औषधे नसताना, यात दगावणाऱ्यांचे प्रमाण काही रुग्णालयांत ३५ टक्क्यांपर्यंत जाई. वेळेवर उपचार मिळाले तर आज ते ५ टक्क्यांच्या खाली असते. तिसऱ्या दिवशी ‘आता धोका टळला’ असे समजून घरी नेण्याची घाई का करू नये, हे यावरून कळेल.

औषधांत बेंझोडायझेपिन या शामक औषधांच्या गटाला पर्याय नाही. डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड ही दीर्घकाळ टिकणारी औषधे पहिली पसंती असतात. यकृत खूप बिघडले असेल किंवा वय जास्त असेल तर लोराझेपाम वापरतात, कारण ते निकालात काढण्यासाठी यकृतावर फारसा ताण पडत नाही. सीवा-एआर या दहा मुद्द्यांच्या, ६७ गुणांच्या तक्त्यावर दर काही तासांनी लक्षणे मोजून मात्रा ठरवावी आणि पाच ते सात दिवसांत ती उतरवत बंद करावी. विड्रॉवलची फिट थांबवण्यासाठी फेनिटॉइन हे अपस्मारावरचे औषध देण्याची सवय अजूनही काही ठिकाणी दिसते. अशा फिट रोखण्यात त्याचा उपयोग होत नाही. भास होतात म्हणून केवळ मनोविकारविरोधी औषध देणेही चुकीचे, कारण त्यामुळे फिट येण्याची शक्यता उलट वाढते. आणि ही शामक औषधे विड्रॉवल संपल्यावर झोपेची गोळी म्हणून महिनोन्महिने चालू राहू नयेत, यावर घरच्यांनीही लक्ष ठेवावे. अशाने एका अवलंबनाच्या जोडीला दुसरे येते.

याच काळात थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, इंजेक्शनने द्यावे लागते. सतत पिणाऱ्याच्या आतड्यातून ते नीट शोषले जात नाही, त्यामुळे सुरुवातीला गोळ्यांवर भिस्त ठेवता येत नाही. त्याच्या अभावाने होणारा वर्निके एन्सेफॅलोपथी हा मेंदूचा विकार १८८१ पासून वैद्यकाला माहीत आहे. गोंधळलेपणा, तोल जाणे आणि डोळ्यांच्या हालचाली अडकणे ही त्याची तीन लक्षणे, पण तिन्ही एकत्र दिसणारे रुग्ण साधारण सहात एक. म्हणून संशय आला की वाट न पाहता मोठ्या मात्रेत शिरेतून थायमिन सुरू करायचे. उशीर झाला तर नवे काही लक्षातच न राहण्याचा कोर्साकॉफ विकार मागे राहतो आणि तो अनेकदा पूर्ण भरून येत नाही. ग्लुकोजची सलाइन लावायची असेल तर थायमिन त्याआधी किंवा त्याच्याबरोबरच गेले पाहिजे. मॅग्नेशियमही तपासावे, कारण ते कमी असेल तर थायमिन आपले काम करू शकत नाही. आणखी एक सूचना डॉक्टरांना करावीशी वाटते: पिणाऱ्या माणसाचा प्रत्येक गोंधळ विड्रॉवलचा नसतो. डोक्याला मार लागून साचलेले रक्त, रक्तातील साखर उतरणे, यकृत निकामी झाल्याने आलेली गुंगी, मेंदूचा संसर्ग ही सारी कारणे दारूच्या वासामागे लपतात.

दारू थांबल्यानंतरचे पहिले काही आठवडे विचित्र असतात. झोप तुटक असते आणि ती कित्येक महिने तशी राहू शकते. चिडचिड होते, लक्ष लागत नाही, कशातच रस वाटत नाही. ‘पीत होता तेव्हा बरा होता’ असे घरचे म्हणू लागतात ते याच काळात. या दिवसांत दिसणारे नैराश्य बहुतेकदा दारूनेच आणलेले असते. १९८८ मध्ये ब्राउन आणि शुकिट या संशोधकांनी भरती झालेल्या १९१ पुरुषांचा अभ्यास केला तेव्हा सुरुवातीला ४२ टक्के जणांत ठळक नैराश्य होते. चार आठवडे दारूविना गेल्यावर ते ६ टक्क्यांत उरले. म्हणून नैराश्याचे स्वतंत्र निदान करण्याआधी दोन ते चार आठवडे थांबणे शहाणपणाचे ठरते. अपवाद दोन: दारू सुरू होण्याआधीही त्या माणसाला नैराश्य आलेले असेल, किंवा तो मरणाचे विचार बोलून दाखवत असेल. दुसऱ्या बाबतीत एक दिवसही थांबू नये. मद्यावलंबनात आत्महत्येचा धोका इतरांच्या कित्येक पट असतो.

आता ज्या औषधांविषयी आपल्याला कोणी सांगितलेले दिसत नाही, त्यांच्याकडे येते. नाल्ट्रेक्सोन हे पिण्यातून मिळणारी मजा मंदावते आणि पहिल्या पेगमागून पाचवा पेग ओढून आणणारी साखळी सैल करते. नेहमीची मात्रा दिवसाला ५० मिलिग्रॅम, आणि काही देशांत महिन्यातून एकदा द्यायचे ३८० मिलिग्रॅमचे इंजेक्शनही मिळते. अफूवर्गीय वेदनाशामके चालू असतील तर ते देता येत नाही, यकृताची तपासणी आधी करावी लागते. अकॅम्प्रोसेट हे दारू थांबल्यावर मेंदूत रेंगाळणारी अस्वस्थता शमवते. ३३३ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दिवसातून तीनदा घ्यायच्या असल्याने ते पाळणे कंटाळवाणे आहे, परंतु ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडत असल्यामुळे यकृत दुखावलेल्यांना चालते. मूत्रपिंड मात्र ठीक हवे. दोन्हींचा परिणाम मध्यम आहे आणि तो तसाच सांगितला पाहिजे. अनेक चाचण्या एकत्र केल्यावर असे दिसते की साधारण बारा जणांना औषध दिले तर एकाचे, जे अन्यथा घसरले असते, सावरते. नाल्ट्रेक्सोनचा हा फायदा अतोनात पिण्याकडे परतणे टाळण्यात, तर अकॅम्प्रोसेटचा अजिबात न पिण्यात दिसतो. रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉलसाठी आपण निर्धास्तपणे घेतो त्या अनेक गोळ्यांचा हिशेब यापेक्षा वाईट असतो, तरीही मद्यावलंबन असलेल्यांपैकी फार थोड्यांना ही औषधे लिहून दिली जातात. ‘मनाने ठरवले तर सुटते’ हा समज केवळ नातेवाइकांचा नाही, तो आमच्या व्यवसायातही मुरलेला आहे.

डायसल्फिरामची कथा वेगळी. १९४० च्या दशकात कोपनहेगनमध्ये याकोबसेन आणि हाल्ड या संशोधकांनी जंतांवरचे औषध म्हणून ते स्वतः घेऊन पाहिले आणि थोडेसे मद्य घेताच दोघांची अवस्था बिकट झाली. मद्यार्काचे विघटन मध्येच अडते, अॅसिटाल्डिहाइड साठते, चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. हे औषध तलफ कमी करत नाही. ते केवळ आज पिण्याचा प्रश्न बाजूला ठेवते. ज्याला मनापासून थांबायचे आहे आणि ज्याच्या समोर उभे राहून रोज सकाळी गोळी देणारे कोणी विश्वासाचे आहे, त्याला त्याचा चांगला उपयोग होतो. तशी देखरेख नसेल तर गोळ्या कचऱ्यात जातात. शेवटच्या पेगनंतर किमान २४ तास ते सुरू करत नाही, आणि बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत प्रतिक्रिया येऊ शकते. हृदयविकार, तीव्र यकृतविकार किंवा मनोविकृती असेल तर ते टाळतो. आणि जेवणात किंवा चहात मिसळून, माणसाच्या नकळत ते कधीही देऊ नका. त्याने जीव जाऊ शकतो, आणि तो वाचला तरी कळल्यावर घरातल्या कोणाच्याही हातचे औषध तो पुन्हा घेणार नाही.

यकृताचा सिऱ्हॉसिस, म्हणजे यकृतावर व्रण पडून ते कायमचे कडक होणे, झालेल्यांसाठी बॅक्लोफेन या औषधाचा विचार होतो. २००७ मध्ये अशा ८४ रुग्णांवर झालेल्या इटालियन चाचणीत त्याचा फायदा दिसला. आपल्या बंधूंची यकृताची सोनोग्राफी आणि रक्ततपासणी होण्याआधी मी कोणते औषध योग्य हे सांगणार नाही. पण कोणतेही औषध किमान सहा महिने, बहुधा वर्षभर घ्यावे लागेल, हे आत्ताच सांगून ठेवते.

केंद्रात सहा महिने बंद करून ठेवण्याविषयी माझे मत स्पष्ट आहे. निवासी उपचार काहींना लागतात: ज्यांचे घर पिण्याने भरलेले आहे, ज्यांना राहायला घरच नाही, ज्यांचे बाह्यरुग्ण उपचार वारंवार तुटले आहेत. मात्र कालावधी म्हणजे उपचार नव्हे. कुलपाआड दारू मिळत नाही म्हणून माणूस सहा महिने पीत नाही, आणि सातव्या महिन्यात त्याच घरी, त्याच मित्रांमध्ये, त्याच कर्जाच्या हप्त्यांसमोर उभा राहतो. त्या प्रसंगांशी सामना करण्याचा सराव त्याला आत मिळालेलाच नसतो. सक्तीने भरती करण्याची वेळ भ्रम, आत्महत्येचा धोका किंवा इतरांच्या जिवाला धोका अशा प्रसंगी, तीही कायद्याच्या चौकटीत आणि थोड्या दिवसांसाठी येते. केंद्र निवडताना मी पाहते ते असे: रात्री तिथे प्रशिक्षित परिचारिका असते का, विड्रॉवल कोण हाताळते, औषधे देतात की ‘आमच्याकडे गोळ्या चालत नाहीत’ असे अभिमानाने सांगतात, कुटुंबाला भेटू व बोलू देतात का, आणि बाहेर पडल्यावर पहिल्या वर्षात किती वेळा बोलावतात. मारहाण, उपाशी ठेवणे किंवा बांधून ठेवणे याची नुसती कुणकुण लागली तरी त्या दारातून परत फिरावे.

मानसोपचारांच्या पद्धती अनेक आहेत आणि कोणती श्रेष्ठ यावर बरीच ऊर्जा खर्च झाली आहे. १९९७ मध्ये निकाल आलेल्या प्रोजेक्ट मॅच या १,७२६ रुग्णांच्या अभ्यासात बोधात्मक वर्तनोपचार (विचार व वागण्याच्या सवयी बदलण्याचा उपचार), प्रेरणावर्धक उपचार आणि अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बारा पायऱ्यांवर आधारित उपचार यांचे परिणाम जवळपास सारखे निघाले. त्यामुळे समुपदेशक कोणत्या संप्रदायाचा हे पाहण्यापेक्षा तो आपल्या बंधूंचे ऐकून घेतो का आणि ते त्याच्याकडे परत जातात का, हे पाहावे. प्रेरणावर्धक संवादात आम्ही बदलाची कारणे रुग्णाच्याच तोंडून येऊ देतो. उपदेश वाढला की तो बचाव करू लागतो, आणि बचाव करता करता स्वतःचीच न थांबण्याची कारणे पक्की करतो. १९३५ मध्ये अमेरिकेतील अॅक्रन येथे सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या परस्परसाह्य बैठका घेणाऱ्या संघटनेविषयी डॉक्टरांमध्ये पूर्वी साशंकता होती, मीही त्यांतली होते. वैद्यकीय पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रन या संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात २७ अभ्यासांतील दहा हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासली गेली, आणि सलग दारूविना राहण्याच्या बाबतीत रुग्णांना पद्धतशीरपणे या बैठकांशी जोडणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस दिसले. बैठक फुकट असते, रोज असू शकते आणि रात्री अकरा वाजता फोन उचलणारा माणूस तिथे सापडतो. कोणत्याही दवाखान्याला हे जमत नाही. ज्याला तिथली भाषा मानवत नाही त्याच्यावर मात्र जबरदस्ती करू नये.

पुनर्वसन हा शब्द नोकरीपुरता घेतला जातो, तो त्याहून मोठा आहे. रोज पाच-सहा तास पिण्यात आणि पिण्याच्या तयारीत जाणाऱ्या माणसाचे ते तास दारूबरोबर मोकळे होतात, आणि मोकळी संध्याकाळ हा पहिल्या तीन महिन्यांतला सर्वांत मोठा धोका असतो. आम्ही रुग्णाबरोबर बसून आठवड्याचे तक्ते करतो आणि विशेषतः संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत काय, कुठे आणि कोणाबरोबर हे लिहून घेतो. दीर्घकाळ पिणाऱ्यांची स्मृती, नियोजन आणि निर्णयक्षमता काही आठवड्यांत सुधारू लागते, पण पूर्ण सुधारणेला महिने लागतात. म्हणून पहिल्याच महिन्यात त्यांना जबाबदारीच्या पदावर परत पाठवू नये, आणि पुन्हा पुन्हा विसरले म्हणून ‘लक्षच देत नाही’ असा ठपका ठेवू नये. पैशांचे व्यवहार सुरुवातीला कोणाकडे असतील हे त्यांच्याशी बोलून, त्यांच्या संमतीने ठरवावे. कर्जे लपवलेली असतात, ती या काळात बाहेर येतात. ती ऐकताना घरात स्फोट होणार नाही अशी तयारी आपण ठेवा.

कुटुंबाच्या वाट्याला दोन टोकांच्या चुका येतात: सगळ्यावर पांघरूण घालणे आणि चोवीस तास पहारा देणे. कार्यालयात ‘ताप आहे’ असे कळवणे, उधारी भागवणे, ओकारी पुसून सकाळी काही घडलेच नाही असे वागणे, यामुळे पिण्याचे परिणाम पिणाऱ्यापर्यंत पोहोचतच नाहीत. दुसरीकडे खिसे तपासणे आणि तोंडाचा वास घेणे यांतून फक्त लपवण्याचे कौशल्य वाढते. रॉबर्ट मायर्स यांनी विकसित केलेल्या क्राफ्ट या पद्धतीत कुटुंबीयांना शिकवले जाते ते असे: माणूस न प्यायलेला असेल तेव्हा त्याला वेळ, गप्पा आणि आपुलकी द्यायची, तो प्यायलेला असेल तेव्हा वाद न घालता ती माघारी घ्यायची, आणि उपचारांचा विषय तो स्वतःच पश्चात्तापात असेल अशा क्षणी, तयार अपॉइंटमेंट हातात ठेवून काढायचा. उपचारांना नकार देणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण या मार्गाने उपचारांत आले, असे चाचण्यांत दिसले आहे. मारहाण होत असेल तर मात्र हे सारे बाजूला ठेवून आधी सुरक्षित जागी जावे, मुलांना घेऊन.

पुन्हा एखादा पेग घेतला गेला तर काय करायचे, हे आधीच, सगळे शांत असताना, कागदावर लिहून ठेवावे: कोणाला फोन करायचा, उरलेली बाटली कोण नेणार, दुसऱ्या दिवशी कोणत्या वेळी दवाखान्यात यायचे. एका पेगनंतर ‘सगळे संपले, आता कशाला थांबायचे’ असा जो विचार येतो, तो त्या पेगहून अधिक घातक असतो. घसरणीनंतर माझा रुग्ण दुसऱ्या दिवशी आला तर मी त्याला रागावत नाही. आदल्या दिवशी दुपारपासून काय काय घडले हे तासातासाने विचारते, आणि बहुतेक वेळा पिण्याचा निर्णय पेग भरण्याच्या बराच आधी, एखाद्या निरुपद्रवी वाटणाऱ्या वळणावर झालेला आढळतो.

राहिला शेवटचा प्रश्न, मर्यादेत पिण्याचा. सौम्य स्वरूपाच्या समस्येत, शरीर सरावलेले नसताना, प्रमाण कमी करणे हे योग्य ध्येय असू शकते. आपल्या बंधूंच्या बाबतीत माझा सल्ला पूर्ण बंद करण्याचा आहे. एडवर्ड्स आणि ग्रॉस या संशोधकांनी १९७६ मध्ये अवलंबनाचे जे वर्णन केले, त्यातले एक निरीक्षण आजही रोज दिसते: अवलंबन घडायला जी वर्षे लागली ती, मध्ये कितीही खंड पडला तरी, पिणे पुन्हा सुरू झाल्यावर लागत नाहीत, थरथर आणि सकाळचा पेग काही दिवसांत परत येतात. तीन आठवड्यांच्या खंडानंतर ते किती दिवसांत पूर्वीच्या प्रमाणावर गेले हे आठवून पाहा. तरीही त्यांनी ‘पूर्ण सोडणार नाही, कमी करेन’ असे म्हटले, तर त्यांना दारातून परत पाठवणाऱ्या डॉक्टरकडे जाऊ नका. सिऱ्हॉसिस नसेल आणि यकृताची तपासणी ठीक असेल, तर नाल्ट्रेक्सोन पिणे पूर्ण थांबण्याआधीही सुरू करता येते. मात्र प्रमाण टप्प्याटप्प्याने, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच उतरवावे. रोज किती ग्रॅम हे त्यांनी स्वतः वहीत लिहावे आणि तीन महिन्यांनी ती वही समोर ठेवून ध्येयाचा फेरविचार करावा. त्या भेटीला येताना मागच्या भरतीचे कागद, फिट आली तो दिवस व वेळ आणि सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्या बरोबर आणाव्यात.